जंगलातून ओंडके काढायला एटीव्ही पुरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये २२ एकर झाडीची जमीन घेतली आहे. घर खाली रस्त्यालगत, झाडी वर डोंगराच्या अंगाला. हिवाळ्यात लाकडाच्या शेगडीवर घर तापवायचं आहे, त्यासाठी वर्षाला सहा कॉर्ड सरपण लागेल (एक कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रचलेली रास). थोडा पाइन फळ्यांसाठी चिरून घ्यायचा आहे. हाताशी ५०० सीसीची फोर व्हील ड्राइव्ह एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, आहे. तिच्या मागे साखळी बांधून ओंडके ओढत आणले तर चालेल का, की ट्रॅक्टर घ्यावाच लागेल?

ट्रॅक्टर लागणार नाही. मी याच राज्यात सोळा वर्षं स्वतःच्या जंगलातून दरवर्षी सात-आठ कॉर्ड लाकूड तुमच्यासारख्याच यंत्राने बाहेर काढतो आहे. पण साखळी बांधून ओढत आणायचा बेत मात्र सोडून द्या. तुमचं घर खाली आणि झाडं वर, म्हणजे भरलेली प्रत्येक खेप उताराची असणार. ओढण्यापुरता जोर यंत्रात आहे. तीनशे-साडेतीनशे किलोच्या त्या यंत्राला तितक्याच वजनाचं लाकूड मागून रेटायला लागलं, तर ते थांबेल का, याची मला काळजी वाटते. पुढे जे काही सांगतो आहे त्यातलं बहुतेक सगळं याच काळजीतून आलेलं आहे.

आधी वजनाचा अंदाज घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथे फसतो. ओल्या रेड ओकचा १२ इंच व्यासाचा, ८ फूट लांब ओंडका साधारण १८० किलोचा भरतो. व्यास १६ इंच झाला की तोच ओंडका ३२० किलोचा. नुसत्या डोळ्यांना दोन्हींत फारसा फरक दिसत नाही, पण वजन व्यासाच्या वर्गाने वाढतं. शुगर मेपल ओकपेक्षा थोडा हलका. व्हाइट पाइन बराच हलका: १४ इंच व्यासाचा, साडेबारा फूट लांब ओंडका सुमारे २२० किलो. खिशात टेप ठेवा. पहिल्या वर्षी प्रत्येक ओंडका मोजून मगच साखळी लावायची, असा मी नियम केला होता. आता नजरेला कळतं, तरी मोठ्या खोडाला अजून टेप लावतो. यंत्राच्या पुस्तिकेत जी ओढण्याची क्षमता लिहिलेली असते ती चाकांवर फिरणाऱ्या ट्रेलरची असते. जमिनीवर घासत येणाऱ्या ओंडक्याला आणि उताराला ती लावू नका.

आता सरपणाबद्दल. सरपणासाठी ओंडका अखंड आणायचाच कशाला? झाड पडलं तिथेच त्याचे शेगडीच्या मापाचे, म्हणजे १६ इंचांचे तुकडे करा आणि छोट्या ट्रेलरमधून खाली आणा. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती आणि बारीक खडे घट्ट बसतात. मग घरी चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, लावली की दहा मिनिटांत तिच्या साखळीची धार जाते. धार गेलेली चेनसॉ कापताना जोर लावायला लावते आणि जोर लावणारा माणूस दमतो. दमलेल्या माणसाच्या हातात चेनसॉ नको.

ओल्या मेपलचा एक कॉर्ड सुमारे २,१०० किलोची असते. खेपेला ३०० किलो धरले तर कॉर्डमागे सात खेपा आणि सहा कॉर्डना बेचाळीस. ऐकायला जास्त वाटतं, पण शनिवार-रविवार मिळून आठ-दहा खेपा आरामात होतात. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून खेप जड करून खेपा वाचवायच्या मागे लागू नका. भरताना वजन धुरीच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे एकूण भाराचा दहावा हिस्सा हिचवर, म्हणजे एटीव्हीच्या मागच्या जोडणीवर, पडेल. वजन मागे गेलं तर ट्रेलर हिच वर उचलतो, एटीव्हीची मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर ती घसरायला लागतात.

पाइनचे ओंडके मात्र अखंड आणावे लागतील, कारण करवतवाल्याला पूर्ण लांबी हवी असते. इथे एकच तत्त्व आहे, ओंडक्याचं नाक जमिनीवरून उचला. माझं लहानपण दोडामार्गाकडे गेलं. आजोबा ऐनाचं, किंजळीचं लाकूड बैलांकडून ओढून आणायचे. पुढचं टोक मातीत रुतायला लागलं की ते पहारीने ओंडका जरा उचलायचे आणि नाकाखाली आडवी फांदी सरकवायचे. बैलांचा निम्मा त्रास तिथेच कमी व्हायचा. इकडे तेच काम आर्च करतो. दोन चाकांवर उभी केलेली ही लोखंडी कमान ओंडक्यावरून घ्यायची आणि पुढचं टोक साखळीने तिला टांगायचं. निम्मं वजन चाकांवर येतं, घासणारा भार निम्मा होतो, लाकूड स्वच्छ राहतं आणि वाटेला चर पडत नाहीत. कनेक्टिकटमधली लॉगराइट कंपनी एटीव्हीसाठी असे आर्च बनवते. वेल्डिंग येत असेल तर जुन्या ट्रेलरच्या धुरीवर घरीही बनतो. माझा दुसरा आर्च मी घरीच बनवला.

टांगताना दोन गोष्टी सांभाळा. बुंध्याकडची बाजू पुढे घ्या. फांद्यांचे राहिलेले खुंटारे शेंड्याच्या दिशेने कललेले असतात, त्यामुळे बुंधा पुढे असला की ते कशात अडकत नाहीत, मागे सरकत जातात. आणि ओंडका कधीही तोल साधून पूर्ण उचलू नका. अधांतरी ओंडका ओढायला फार हलका वाटतो, म्हणून तसा मोह होतो. पण घासत येणारं शेपूट हाच तुमचा उतारावरचा ब्रेक आहे. त्याचा जमिनीशी संबंध सुटला की ओंडका तुम्हाला ढकलणार.

एवढा अट्टहास करून हे सांगतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षी माझ्याकडे आर्च नव्हता. साखळी आखूड पडत होती म्हणून मी ती खालच्या हिचऐवजी मागच्या सामानाच्या रॅकला अडकवली. छोट्या चढावर ओंडका एका खुंटाला अडला. मला वाटलं थोडा गॅस दिला की सुटेल, म्हणून अंगठ्याने गॅस वाढवला. पुढची चाकं हवेत गेली आणि यंत्र मागच्या मागे उलटलं. मी डावीकडे फेकला गेलो, म्हणून वाचलो. खांद्याचं हाड मोडलं आणि तो सगळा हिवाळा विकतच्या लाकडावर काढला. साखळी जितकी उंच बांधाल तितकं यंत्र मागे उलटायला कमी जोर पुरतो. रॅक जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, हिच फुटभरावर. रॅकला, सीटच्या मागच्या दांड्याला किंवा धुरीच्या वर कुठेही काही बांधून ओढायचं नाही, अगदी छोटी फांदीसुद्धा नाही. आणि ओंडका अडला की गॅस सोडायचा, उतरायचं, जाऊन बघायचं. बैल असते तर आपणहून थांबले असते.

यंत्र वाट सोडून कधीही झाडीत आत नेऊ नका. झाड पडलं तिथून वाटेपर्यंत आणणं हे विंचचं, म्हणजे दोराने ओढून घेणाऱ्या यंत्राचं, काम आणि वाटेवरून घरापर्यंत आणणं हे आर्चचं. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर ५०० सीसीचं यंत्र भरपूर आहे, एकत्र केलीत तर ७०० सीसीही कमी पडेल. न्यू हॅम्पशायरची जमीन तुम्ही पाहिलीच आहे: पानांखाली घागरीएवढाले दगड, कुजलेले खुंट, मधूनच पाणथळ. अशा जागी आडव्या उतारावर एटीव्ही नेली की ती कुशीवर जाते.

एटीव्हीला पुढे बसवलेलं इलेक्ट्रिक विंच साधारण २,५०० ते ३,५०० पौंडांचं असतं. हा आकडा ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असतानाचा आहे. वर जितके थर गुंडाळलेले, तितका जोर कमी. म्हणून शक्य तितका दोर सोडून ओढावं. इंजिन चालू ठेवा, मिनिटभर ओढा, मग विंचला गार होऊ द्या. सलग ओढलंत तर मोटर तापते आणि बॅटरी उतरते. जंगलात उतरलेली बॅटरी म्हणजे पायी घर. ज्यांची झाडं वाटेपासून दोनशे-तीनशे फूट आत आहेत त्यांना मी पेट्रोलवर चालणारं सुटं विंच सुचवतो. क्वेबेकच्या पोर्टेबल विंच कंपनीचं असं एक विंच होंडाच्या छोट्या चार-स्ट्रोक इंजिनवर १,००० किलोपर्यंत ओढतं आणि त्याला दोराच्या लांबीचं बंधन नाही, कारण दोर ड्रमवर साठत नाही, वेढे घेऊन पुढे निघून जातो. ते एका हातात उचलून नेता येतं. मी स्वतः आता बहुतेक वेळा तेच वापरतो.

विंच लावताना यंत्र वाटेवर सरळ उभं करा. मागचा हिच रुंद पट्ट्याने जिवंत झाडाला बांधा, नाहीतर ओंडका येण्याऐवजी यंत्रच त्याच्याकडे सरकत जाईल. ओंडका बाजूने येणार असेल तर वाटेवरच्या दणकट झाडाला पट्टा बांधून त्यात कप्पी अडकवा. बाजूने उघडणारी कप्पी घ्या, स्नॅच ब्लॉक म्हणतात तिला. दोर तिच्यावरून वळवला की यंत्र वाकडं उभं करावं लागत नाही. दोर जवळजवळ उलटा फिरत असेल तर कप्पीच्या झाडावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो हे लक्षात ठेवून झाड निवडा. साल सोलली जाऊ नये म्हणून झाडाला कधीही साखळी किंवा तार थेट बांधू नका, नेहमी रुंद पट्टा. आणि दोराने जो कोन केलेला असतो त्याच्या आत उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर ती नेमकी त्या कोनातून गोळीसारखी जाते. घरातलं कुणी मदतीला आलं असेल तर काम सुरू करण्याआधी त्याला कोनाबाहेरची जागा बोटाने दाखवा आणि तिथेच उभं करा.

दोर कृत्रिम धाग्याचा घ्या. पोलादी तार तुटली तर चाबकासारखी फिरते.

ओंडका खुंटामागे अडकला तर त्यावर जोर काढू नका. दोर सैल करा आणि चोकर साखळीचा, म्हणजे ओंडक्याभोवती आवळलेल्या साखळीचा, हुक ओंडक्याच्या बाजूला किंवा खाली फिरवून घ्या. आता ओढलं की ओंडका आधी स्वतःभोवती अर्धा वेढा घेतो आणि त्या वळशात खुंटाला टाळून निघतो. दिशा ठरवायला हुक कुठे बसवायचा हे दोन-चार वेळा चुकल्यावर जमतं. हे मला एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने शिकवलं, जो तरुणपणी घोड्यांनी लाकूड ओढायचा, आणि या कामात मी शिकलेल्यातली हीच सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. खुंट फार असतील तर ओंडक्याच्या नाकावर चढवायचा प्लॅस्टिकचा शंकू मिळतो, तो दगडाखुंटांवरून घसरत येतो.

वाट नवी पाडायच्या आधी जुनी शोधा. तुमच्या जंगलात दगडी गडगे असतील. एकोणिसाव्या शतकात इथे मेंढ्यांची कुरणं होती, त्या शेतांच्या हद्दी आहेत त्या. गडग्यांत मधेमधे गाडी जाईल एवढी खिंड असते आणि तिथून जुनी गाडवाट निघते. त्या लोकांनी बैलगाडीच्या उताराचा विचार करून वाटा काढल्या होत्या. दीडशे वर्षांनी त्याच वाटा आपल्याला बेतशीर पडतात. गडगा फोडू नका.

भरलेल्या खेपेसाठी मी दहा फूट चालल्यावर दीड फुटापेक्षा जास्त उतरणारी वाट वापरत नाही. तुमची त्याहून तिरपी असेल तर वळण घेऊन लांबवा. उताराच्या तळाशी वळण येऊ देऊ नका, तिथे सरळ आणि सपाट पट्टा हवा. उतरताना लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा. चढतानाही लोच ठेवा, कारण हाय रेंजमध्ये भार ओढला की इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा रबरी पट्टा जळतो आणि रबराचा वास यायला लागतो. वाटेवर ठिकठिकाणी तिरके चर काढून पाणी बाजूच्या पानांत सोडा, नाहीतर एका वसंतात तुमच्या वाटेचा ओहोळ होतो. वळणावर आतल्या बाजूला एखादं कमी मोलाचं झाड मुद्दाम ठेवा. ओंडके त्यालाच घासत जातील आणि मागची चांगली झाडं वाचतील. वाटेचं काम संपलं की शेवटी ते कापून घ्यायचं.

हंगाम म्हणाल तर जमीन गोठल्यावर, थोड्या बर्फावर. मार्च-एप्रिलच्या चिखलात आत जाऊ नका. तेव्हा पडलेले चर वर्षानुवर्षं राहतात, मुळांवरची माती दाबली जाते आणि झाडांत रस चढत असल्यामुळे साल नुसत्या धक्क्याने सुटते. बर्फ पडला की संध्याकाळी रिकामं यंत्र दोन-तीनदा वाटेवरून फिरवा. रात्रीच्या थंडीत दबलेला बर्फ गोठतो आणि सकाळी काँक्रीटसारखी वाट मिळते. पण अशा वाटेवर ओंडका फारच सहज येतो, आणि उतारावर तीच अडचण. मी तिथे ओंडक्याच्या शेपटाला जाड साखळीचे दोन वेढे देतो, ती बर्फात रुतून धरते. शंभर वर्षांपूर्वी इथले लाकूडतोडे घोड्यांच्या घसरगाड्या उतारावर आवरण्यासाठी वाटेवर वाळलेलं गवत पसरायचे आणि गाडीच्या धावांना साखळ्या बांधायचे. मेनमधल्या ऑल्विन लोम्बार्डने १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या वाफेच्या ओंडके ओढणाऱ्या यंत्राला मागे पट्टे आणि पुढे घसरपट्ट्या होत्या. त्यात सुकाणू धरणारा माणूस अगदी पुढे बसायचा आणि मागे भरलेल्या घसरगाड्यांची माळ असायची. उतारावर त्याच्यासारखं धोक्याचं काम नव्हतं. तुमच्या एटीव्हीवर तुम्हीच त्या जागी बसलेले असता.

वाळलेल्या ॲश झाडांबद्दल वेगळं सांगतो, कारण तुम्ही 'आधी मेलेली झाडं काढून टाकतो' असं लिहिलं आहे. एमराल्ड ॲश बोरर हा किडा या राज्यात २०१३ मध्ये सापडला आणि तेव्हापासून ॲश मरत चालले आहेत. या किड्याने मेलेलं ॲश लवकर ठिसूळ होतं. पाडताना शेंडा तुटून माघारी अंगावर येतो. एखादं अर्धवट पडून दुसऱ्यावर अडकलं तर विंचच्या झटक्यानेही वरून फांद्या कोसळतात. ज्याची साल गळायला लागली आहे असं ॲश तुम्ही पाडू नका, अनुभवी माणूस बोलवा किंवा वाटेपासून दूर असेल तर उभं राहू द्या. सुतार पक्षी आणि घुबडं त्यात राहतात. आणि ते सरपण दुसऱ्या गावाला कुणाला भेट म्हणून देऊ नका, किडा लाकडातूनच प्रवास करतो.

परवानगीचं: स्वतःच्या जमिनीवरून स्वतःच्या वापरासाठी वर्षाला २० कॉर्ड सरपण आणि १०,००० बोर्ड फूट ओंडक्यांपर्यंत इथे लाकूड-कर लागत नाही (बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळीएवढं लाकूड). एक ओंडका जरी विकणार असाल तरी आधी टाउन हॉलमध्ये विचारा. ओहोळ किंवा पाणथळ ओलांडायची असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याला आधी कळवावं लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हॅम्पशायरच्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे विस्तार सेवेचे, काउंटी फॉरेस्टर (जिल्ह्याचे वनतज्ज्ञ) फुकट येऊन तुमच्याबरोबर जमीन फिरतात. कुठलं झाड काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे त्यांच्याकडून समजून घ्या, मीही तेच केलं. चेनसॉ नवीन असेल तर 'गेम ऑफ लॉगिंग' नावाचं प्रशिक्षण घ्या. स्वीडनच्या सोरेन एरिक्सनने सुरू केलेली ही पद्धत न्यू इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी शिकवली जाते. झाड वाटेच्या दिशेने हवं तसं पाडता आलं की विंचचं निम्मं काम वाचतं.

चेनसॉसाठी जाळी आणि कानपट्टी असलेलं हेल्मेट, एटीव्हीवर बसताना एटीव्हीचं. दोन्ही घ्या, एक दुसऱ्याचं काम करत नाही. मांड्यांवर चॅप्स, म्हणजे चेनसॉपासून पाय वाचवणारी जाड आवरणं. एकट्याने जात असाल तर कुठल्या वाटेवर आहात आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून जा. वर फोनची रेंज नसेल. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा तुमच्याच जमिनीवरसुद्धा केशरी जाकीट घाला.

खर्चाचं विचाराल तर आधी आर्च, मग पट्टे आणि कप्पी, मग ट्रेलर, आणि सुटं विंच पुढच्या वर्षी. मागच्या चाकांना साखळ्या मात्र पहिल्याच हिवाळ्यात लावा. टायरमधली हवा पुस्तिकेत सांगितल्याइतकीच ठेवा, ती कारपेक्षा फारच कमी असते. जास्त भरली की पकड जाते.

पहिल्या दिवशी खरा ओंडका आणू नका. सहा इंच जाडीचा, आठ फूट लांब पाइन आर्चला टांगा आणि सगळी वाट वरून खाली चालीच्या वेगाने उतरा. जिथे ओंडक्याचा रेटा पाठीला जाणवेल तिथे झाडाला रंगीत फीत बांधा. संध्याकाळी फावडं आणि कुदळ घेऊन फितींपाशी परत जा आणि तिथला उतार मोडून काढा. सगळ्या फिती सुटल्या की पहिला मोठा ओंडका आणा.